जबड्याचा सांधा कोणाचा?

कानाच्या छिद्रापुढे बोट टेकवून तोंड उघडले आणि मिटले, तर कातडीखाली एक हाड पुढे सरकते आणि पुन्हा जागेवर येते. हा खालच्या जबड्याचा सांधा. माणूस जेवतो, बोलतो, जांभई देतो, रडतो, हसतो, तेव्हा तो चालतो. इतर सांध्यांहून त्याची घडण वेगळी आहे. तो आधी बिजागरीसारखा वळतो आणि मग उखळीतून पुढे घसरतो. या दोन्ही हालचाली नीट व्हाव्यात म्हणून हाडांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाची दोन टोके असल्याने एक दुखावला की दुसऱ्याची चाल बदलते. निरोगी प्रौढ माणसाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते. स्वतःची तीन बोटे उभी मावतात. सांध्याच्या अगदी मागे कानाची नळी आहे, खाली दातांची रांग आहे, बाजूला चावण्याचे जाड स्नायू आहेत, आणि या सगळ्यांच्या वेदना मेंदूकडे नेणारी मुख्य नस एकच आहे. म्हणून सांधा बिघडला तरी रुग्ण कान दुखतो म्हणतो, दाढ दुखते म्हणतो किंवा कानशिले ठणकतात म्हणतो. तो कोणत्या डॉक्टरकडे जाईल हे दुखणे कुठे जाणवते यावर ठरते आणि पुढचा उपचार त्या डॉक्टरच्या शाखेवर ठरतो. या सांध्याच्या वैद्यकाचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. ज्या ज्या वेळी एकाच शाखेने त्यावर हक्क सांगितला त्या त्या वेळी रुग्णाचे नुकसान झाले, आणि ज्या वेळी दोन-तीन शाखांनी एकत्र बसून एकच मोजमाप मान्य केले त्या वेळी ज्ञान पुढे गेले. महाराष्ट्रात याचा भक्कम दाखला आहे, आणि तो दाखला पुढे नेण्याची साधने आज नाशिकमध्ये आहेत.

जुन्या काळापासून सुरुवात करावी लागते, कारण निखळलेला जबडा बसवणे ही वैद्यकातल्या फार जुन्या, आजही जवळपास तशाच चालणाऱ्या कृतींपैकी एक आहे. चरकसंहितेच्या वातव्याधींच्या प्रकरणात, तोंड उघडे राहून गेलेल्या रुग्णाला आधी शेक द्यावा, मग अंगठ्यांनी जबडा खाली दाबून बोटांनी हनुवटी वर उचलावी, असे सांगितले आहे. आजचा डॉक्टर अपघात विभागात हेच करतो. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेच्या अध्यायात सांधा जागेवर बसवल्यावर पाच पदरांची पट्टी बांधण्याची सूचना आहे. वाग्भटाने कारणे दिली आहेत: जीभ फार जोराने खरवडणे, कोरडे आणि कठीण पदार्थ चावणे, आघात होणे. त्याने दोन प्रकारही वेगळे नोंदवले, तोंड उघडे राहणे आणि तोंड मिटून बसणे. इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसात आणि ग्रीक हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतही निखळलेला जबडा बसवण्याची अशीच रीत आढळते. या ग्रंथांत सांधा, स्नायू, आहार, शेक आणि पट्टी हे सर्व एकाच वैद्याच्या कक्षेत होते. गावोगावी मात्र हे ज्ञान वाटले गेले. मोडलेले हाड हाडवैद्याकडे, किडलेली दाढ न्हाव्याकडे किंवा फिरत्या वैदूकडे, दातखीळ बसली तर देवऋषीकडे. यांतले अनेक हात कुशल होते, पण एकाने दुसऱ्याला काही सांगितले नाही आणि कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून जुन्या परंपरेचा गौरव करताना तिची मर्यादाही मान्य करायला हवी. निखळलेला सांधा तिला बसवता येत होता. आतून जुळून गेलेला सांधा किंवा वर्षानुवर्षे दुखणारा सांधा तिच्या आवाक्यात नव्हता, कारण त्यासाठी आत पाहावे लागते आणि बऱ्याच रुग्णांची नोंद एकत्र वाचावी लागते.

आधुनिक वैद्यकाने आत पाहण्याची साधने आणली, पण त्याबरोबर विभागणीही आणली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. दंतवैद्यकाचे शिक्षण मात्र वेगळ्या वाटेने आणि फार उशिरा आले. डॉ. आर. अहमद यांनी कलकत्त्यात १९२० साली देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले आणि मुंबईतल्या नायर दंत महाविद्यालयाची सुरुवात १९३३ सालची. १९४६ च्या आरोग्यविषयक भोर समितीच्या अहवालात देशातल्या दंतवैद्यांचे प्रमाण तीन लाख लोकांमागे एक असे दिले होते. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने या व्यवसायाला नोंदणी, परिषद आणि दर्जा दिला. ही विभागणी अन्यायाची नव्हती. दंतवैद्याला न्हाव्याच्या पंक्तीतून उठून शास्त्रज्ञाच्या पंक्तीत बसायचे होते आणि त्यासाठी स्वतंत्र महाविद्यालय, स्वतंत्र पदवी आणि स्वतंत्र परिषद गरजेचीच होती. पण सीमा आखली की सीमेवरचे गाव दोन्ही कारभाऱ्यांच्या नजरेतून सुटते. दात दंतवैद्याचे झाले, कान कानाच्या डॉक्टरांचे झाले, हाडे अस्थिरोगतज्ज्ञांची झाली आणि तिन्हींच्या मध्ये असलेला सांधा कोणाचाच राहिला नाही. दंतवैद्यकाच्या आतही तेच घडले. आपल्याकडे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नऊ शाखा आहेत. त्यांपैकी मुखशल्य, कृत्रिम दंतरोपण, दंतसरळीकरण आणि मुखरोगनिदान या चार शाखा हा सांधा आपापल्या पद्धतीने शिकवतात, आणि चेहरा-जबड्याच्या वेदनेची वेगळी शाखा त्या नऊंमध्ये नाही.

जगातही हाच क्रम दिसतो. १८८७ साली एडिंबरचे शस्त्रवैद्य थॉमस अनांडेल यांनी सांध्यातली सरकलेली चकती टाके घालून जागेवर बसवली. त्यांना तो शस्त्रक्रियेचा प्रश्न वाटला. १९३४ साली अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी कानात दडे बसणे, चक्कर येणे आणि जबडा दुखणे या लक्षणांचा एक गट बांधला आणि त्याचे कारण दाढा पडल्याने बिघडलेल्या दातांच्या बैठकीत शोधले. कॉस्टनची शरीररचनेची उपपत्ती पुढे टिकली नाही, पण दातांची बैठक बदला म्हणजे सांधा बरा होईल ही समजूत तिच्यामुळे दशकानुदशके रुजली. १९६९ साली डॅनिएल लास्किन यांनी उलट बाजू मांडली: बहुसंख्य रुग्णांत मूळ दोष सांध्यात नसून ताणलेल्या स्नायूंत आणि मनावरच्या ताणात आहे. सत्तरच्या दशकात पुन्हा चकतीकडे लक्ष वळले. प्रत्येक मतात सत्याचा एक तुकडा होता, आणि प्रत्येक मताच्या हाती एक ठरलेला उपाय होता. दात घासून बैठक बदलणारा बैठक बदलत राहिला, चाकू चालवणारा चाकू चालवत राहिला. आपल्या उपायाने बरे झालेले रुग्ण प्रत्येकाला दिसत होते. बरे न झालेले रुग्ण पुढच्या शाखेकडे गेले, त्यामुळे आधीच्या डॉक्टरला ते पुन्हा दिसलेच नाहीत.

या एकांगीपणाची सर्वांत मोठी किंमत अमेरिकेतल्या रुग्णांनी मोजली. १९८० च्या दशकात ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीचे टेफ्लॉन-युक्त कृत्रिम पडदे हजारो रुग्णांच्या सांध्यांत बसवले गेले आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. आधीच्या साधनांसारखेच हे साधन आहे, या आधारावर त्याला परवानगी मिळाली होती. दीर्घकाळाची चाचणी झालेली नव्हती. चावण्याच्या दाबाखाली तो पदार्थ झिजला, त्याचे कण सुटले, त्या कणांवर शरीराने हल्ला चढवला आणि त्या हल्ल्यात सांध्याचे हाडच खाल्ले गेले. १९९०-९१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा देऊन ते परत मागवले. त्या काळात रुग्ण स्वतःच संघटित झाले. १९८६ साली टेरी काउली आणि लिसा ब्राउन यांनी मिलवॉकीत रुग्णांची संघटना उभी केली आणि प्रश्न असा विचारला की आमच्यावर उपचार करणाऱ्या शाखा एकमेकांशी बोलतात का. १९९२ साली आणि त्यानंतर सुधारून २०१४ साली या विकारांचे निदान करण्याचे सामायिक निकष ठरले. त्यांत तोंड किती मिलिमीटर उघडते हे मोजायचे असते, सांधा वाजतो का ते पाहायचे असते आणि त्याबरोबरच रुग्णाची झोप, चिंता आणि इतर दुखणीही विचारायची असतात. ऑपेरा नावाच्या अमेरिकी अभ्यासात निरोगी माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. कोणाला नव्याने त्रास सुरू होतो याचा अंदाज शरीरातल्या इतर दुखण्यांवरून चांगला येतो, असे त्यात दिसले. २०२० साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी या विकारांवर सविस्तर अहवाल काढला. त्याचा गाभा असा की दंतवैद्यक आणि वैद्यक यांच्यातली फट हीच या रुग्णांची मोठी अडचण आहे. हे समजायला त्या देशाला शंभर वर्षे आणि पुष्कळ माणसांचे हाल लागले.

महाराष्ट्राला हा धडा परदेशातून आणण्याची गरज नाही. आपल्याकडे तोंड न उघडण्याच्या दुसऱ्या एका रोगावर असे एकत्रित काम झाले, आणि त्याची सुरुवात मुंबईत झाली. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडाची आतली त्वचा कडक होऊन आक्रसल्याचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईतून एस. जी. जोशी यांनी कान-नाक-घशाच्या नियतकालिकात तसाच रोग टाळू आणि घशाच्या कमानींवर दाखवला आणि त्याला त्वचेखालचे तंतुमयीकरण असे शास्त्रीय नाव दिले. म्हणजे आज दंतवैद्यांकडे जो रोग सर्रास येतो, त्याचे नामकरण घशाच्या नियतकालिकातून झाले. १९६६ साली कोपनहेगनचे मुखविकृतिशास्त्रज्ञ जेन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रातल्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी मिळून या रोगाची जी व्याख्या आणि सूक्ष्मदर्शकाखालची ओळख दिली, ती आजही पाठ्यपुस्तकांत आहे. एक दंतवैद्य, एक पेशीशास्त्रज्ञ, एक डेन्मार्कचा, एक मुंबईची. त्याच सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, भौतिकशास्त्राच्या घरात, डॉ. फली मेहता यांचे दंतसंशोधन पथक काम करू लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे त्याला साहाय्य होते, पिंडबोर्ग यांचा सल्ला होता आणि आकडेवारीची बाजू प्रकाश गुप्ता यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञाने सांभाळली.

या पथकाने दवाखान्यात बसून रुग्णांची वाट पाहिली नाही. ते खेड्यांत गेले, घरोघरी फिरले, निरोगी माणसाला तोंड उघडायला लावले आणि जे दिसले ते ठरावीक नमुन्यात लिहिले. त्यांतले सर्वांत मोठे सर्वेक्षण महाराष्ट्रातले होते. पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी झाली आणि तिचा वृत्तांत १९७२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग नियतकालिकात आला. तंबाखू चघळणारे, विडी ओढणारे आणि दातांना मिश्री लावणाऱ्या स्त्रिया, अशी सवयीनुसार विभागणी करून कोणाच्या तोंडात काय आढळते हे त्यांनी मांडले. गुजरात, केरळ, आंध्र आणि बिहारमध्येही तसेच काम झाले. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा झाल्यावर १९८५ साली कळले की तोंड आक्रसण्याच्या या रोगातल्या ७.६ टक्के रुग्णांना पुढे कर्करोग झाला. केवळ दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरला हा आकडा कधीच सापडला नसता, कारण त्याला तोच माणूस सतरा वर्षांनी पुन्हा भेटत नाही. १९७७ पासून तीन जिल्ह्यांतल्या ३६ हजारांहून अधिक तंबाखू वापरणाऱ्यांना सवय सोडण्याचे शिक्षण देऊन पाहिले, आणि तोंडातले पांढरे चट्टे नव्याने होण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. त्या एका धाग्यात दंतवैद्य, विकृतिशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि गावात फिरणारा प्रचारक असे सगळे आले. सुपारी कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला, त्यामागे अशाच अभ्यासांचा आधार होता. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. अधिकाराच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ती रद्द ठरवली. २०१२ साली नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे ती पुन्हा आली. बंदीची अंमलबजावणी सैल आहे हे खरे, पण बंदी घालण्याचे कारण तरी सिद्ध झाले होते, आणि ते एका शाखेने सिद्ध केले नव्हते.

कोणी म्हणेल की तो गालाच्या त्वचेचा रोग आहे आणि इथे प्रश्न सांध्याचा आहे. दोन्हींची गल्लत का करायची. उत्तर असे की ही गल्लत रोजच्या बाह्यरुग्ण विभागात होते, आणि ती सोडवायलाच एकत्र काम लागते. तोंड न उघडणारा रुग्ण समोर बसला की कारण कोणते हे बाहेरून दिसत नाही. सुपारी आणि गुटख्याने गाल आक्रसलेला असू शकतो. अक्कलदाढेचा पू स्नायूंत उतरलेला असू शकतो. चकती सांध्यात अडकलेली असू शकते. धनुर्वाताची पहिली खूण असू शकते. आणि लहानपणी हनुवटीवर पडलेल्या मुलाचा सांधा हळूहळू हाडाने जुळून गेलेला असू शकतो. या शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यायला हवे. मूल झाडावरून किंवा पायऱ्यांवरून पडते, हनुवटीला जखम होते, टाके घातले जातात आणि आतल्या सांध्याचे हाड मोडले आहे हे कोणी पाहत नाही. कधी फुटलेल्या कानाचा पू सांध्यात उतरतो. काही वर्षांनी तोंड उघडेनासे होते, खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी मागे राहते, झोपेत श्वास अडतो. त्या मुलाला भूल देणेही अवघड असते, कारण तोंडातून नळी घालता येत नाही. नाकातून लवचीक दुर्बीण घालून श्वासनलिका शोधावी लागते. शस्त्रक्रिया करून जुळलेले हाड काढले तरी अर्धेच काम होते. महिनोन्‌महिने रोज तोंड उघडण्याचा व्यायाम झाला नाही तर सांधा पुन्हा जुळतो. म्हणजे कानाचा डॉक्टर, मुखशल्यतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, दंतसरळीकरण करणारा आणि मुलाची आई, इतक्यांनी आपापले काम वेळेवर केले तरच ते मूल भाकरी खाऊ शकते.

इथे नाशिकचा विचार येतो. १९९८ पर्यंत महाराष्ट्रातली वैद्यकीय, दंत आणि आयुर्वेद महाविद्यालये वेगवेगळ्या पारंपरिक विद्यापीठांना जोडलेली होती. नाशिकची पुणे विद्यापीठाला होती. १९९८ च्या कायद्याने महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय मुंबई-पुण्याऐवजी नाशिकला, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आले. आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद आणि युनानी, होमिओपॅथी, तसेच परिचर्या-भौतिकोपचारासारख्या पूरक शाखा अशा राज्यभरातल्या सर्व विद्याशाखा एका कुलगुरूच्या, एका परीक्षेच्या आणि एका संशोधन मंडळाच्या कक्षेत आल्या. शहरातच पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे, गणेशवाडीत आयुर्वेद सेवा संघाचे महाविद्यालय आहे, आडगावला मराठा विद्या प्रसारक समाजाचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून आहे. गोदावरीच्या उत्तर काठाला थोड्या किलोमीटरांत ही सगळी आहेत. याच जिल्ह्यात सिन्नरसारखे गाव विडी वळण्याच्या धंद्यासाठी शतकभर ओळखले जाते, आणि आदिवासी तालुक्यांतून जिल्हा रुग्णालयापर्यंत येणारा रुग्ण बहुधा आजार बळावल्यावरच येतो. चरकाचा अभ्यासक, दंतवैद्य, शस्त्रवैद्य आणि भौतिकोपचारतज्ज्ञ एकाच विद्यापीठाचे पदवीधर असावेत, ही सोय पुणे जिल्ह्याच्या सर्वेक्षणाच्या काळी मेहतांना नव्हती. त्यांना ती जुळवून आणावी लागली होती. नाशिकला ती कायद्याने मिळाली आहे. पण एका छताखाली नाव नोंदवले म्हणून माणसे एका टेबलावर बसत नाहीत. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या शाखेबाहेरचा आकडा वाचायला शिकावे लागते.

यावर पहिला आक्षेप जुना आहे. बारा हातांत कारभार गेला की जबाबदारी कोणाचीच राहत नाही, बारभाईची शेती होते. नाशिकला पेशवाईतल्या बारभाई मंडळाचा इतिहास माहीत आहे, कारण ज्या राघोबादादांविरुद्ध ते मंडळ उभे राहिले त्यांचा वाडा इथल्या आनंदवल्लीत होता. पण ते मंडळ यशस्वी झाले याचे कारणही इतिहासात आहे. उद्देश एक होता आणि दप्तर नाना फडणविसांसारख्या एका माणसाच्या हाती होते. पुणे जिल्ह्याच्या सर्वेक्षणातही तसेच होते. तपासणी करणारे अनेक होते, नमुना एक होता, आणि आकडे एका ठिकाणी जमा होत होते. एकत्र काम म्हणजे प्रत्येक रुग्णावर सहा डॉक्टरांनी गर्दी करणे नव्हे. रुग्ण ज्याच्याकडे आधी आला त्यानेच पुढची जबाबदारी घ्यावी, पण त्याने भरलेला कागद इतर पाचांना वाचता यावा. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सांधा दुखणाऱ्या बहुतेक रुग्णांना मऊ आहार, शेक, विश्रांती, साधी वेदनाशामके आणि धीर यांनी आराम पडतो. मग एवढे अवडंबर कशाला. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो माझ्या म्हणण्याला बळ देतो. जे आपोआप बरे होते त्यावर दात घासणे, कृत्रिम पडदे घालणे हेच गेल्या शतकाचे मोठे पाप होते. कोणत्या रुग्णाला काहीही करू नये हे सांगण्याचे धैर्य एकट्या शाखेत येत नाही, कारण तिच्या हातात तिचे हत्यार असते. ते धैर्य अनेक शाखांच्या एकत्र नोंदींतून येते. साधा उपाय पुरेसा न पडल्यास पुढची पायरीही बहुधा लहान असते. १९९१ साली इस्रायलच्या डॉरिट नित्झान यांनी दोन सुयांनी सांधा धुऊन काढण्याची रीत दाखवली, आणि अचानक अडकलेल्या अनेक सांध्यांना मोठी शस्त्रक्रिया न करता चालना मिळाली.

तिसरा आक्षेप आयुर्वेदाला या मंडळात घेण्यावर येईल. आधुनिक वैद्यकातले काही जण म्हणतील की ग्रंथांचा आधार हा पुरावा नाही; आयुर्वेदातले काही जण म्हणतील की आमचे मोजमाप तुमच्या पट्टीने करू नका. दोघांनाही एकच उत्तर आहे. तोंड किती मिलिमीटर उघडते हे मोजायला कोणत्याही परंपरेची परवानगी लागत नाही. नस्य म्हणजे नाकातून दिलेले औषध, शेक, तेलाची मालीश यांनी आक्रसलेला गाल किंवा अडकलेला सांधा किती उघडतो, किती दिवस तसा राहतो आणि न दिलेल्या रुग्णांपेक्षा किती वेगळा ठरतो, हे तपासता येते. ते तपासल्याशिवाय गौरव करणे आणि ते न तपासता हेटाळणी करणे, दोन्ही आळस आहेत. चौथा आक्षेप दारिद्र्याचा. क्षय, कर्करोग, बालमृत्यू असताना जबड्याच्या सांध्यावर पैसा का. याला इतिहासच उत्तर देतो. तोंड न उघडण्याचा मागोवा घेता घेताच आपल्या संशोधकांना कर्करोगाचा मार्ग सापडला. ज्याचे तोंड उघडत नाही त्याच्या तोंडातला चट्टा कोणाला दिसत नाही, त्याला नीट जेवता येत नाही, आणि खेड्यातल्या स्त्रीचे दुखणे तर घरातच राहते. या सांध्याच्या वेदना स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक आढळतात, हे जगभरच्या अभ्यासांत दिसते. जे दुखणे बायकांचे म्हणून किरकोळ ठरवले जाते, त्याला खर्च नाकारताना आपण काय ठरवत आहोत याचा विचार करायला हवा.

या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. जबड्याच्या सांध्याला नवी शाखा देण्याआधी सामायिक कागद द्यावा. म्हसरूळच्या विद्यापीठाने आपल्या दंत, वैद्यकीय, आयुर्वेद आणि भौतिकोपचार महाविद्यालयांसाठी तोंड न उघडणाऱ्या आणि जबडा दुखणाऱ्या रुग्णाचा एकच मराठी नमुना ठरवावा. त्यात तोंड उघडण्याचे मिलिमीटर, सुपारी-तंबाखूची सवय, लहानपणचा मार, कानाचा आजार, झोप आणि मनाचा ताण ही सहा कलमे असावीत. कुठलाही दवाखाना असो, कुठलीही पदवी असो, ती भरली जावीत आणि एका ठिकाणी जमा व्हावीत. हनुवटीला टाके पडलेल्या प्रत्येक मुलाचा सांधा त्याच वेळी तपासला जावा आणि वर्षभर त्याचे तोंड मोजले जावे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, एक पट्टी लागते. पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक माणसांची तोंडे संगणक घरोघरी नसलेल्या काळात घराच्या ओट्यावर तपासली गेली आणि त्यांची नोंद जगाने मानली. नाशिकच्या अध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो वारसा स्वीकारावा. हा सांधा कोणाचा हा वाद सोडून तो रुग्णाचा आहे हे मान्य करावे आणि पुढच्या शैक्षणिक वर्षापासून हा कागद भरायला सुरुवात करावी.